कात्रीची भोकं

पहिल्याच दिवशी अडलं ते कात्रीच्या भोकांपाशी.
बोटं आत जाईनात.
चौदा माणसं, चौदा कात्र्या, थेट सान्तियागोहून आलेल्या,
पाकिटावर छापलेलं : देशाची वाढ तुमच्या हातात.
बाउदिलिओ सान्वेसानं अंगठा उजेडात धरून पाहिला
आणि म्हणाला, बाई,
देशाला कळवा, माप चुकलंय.

खाण मिटली होती एप्रिलात.
समुद्राच्या पोटाखालून मैलोन्‌मैल आत गेलेली ती,
तिला कुलूप घालायला एक माणूस आणि एक फोटोग्राफर पुरला.
मग याद्या लागल्या. वय, इयत्ता, दृष्टी.
स-वाले केशकर्तनात, म-वाले मधमाश्यांत.
हे खरंच असं ठरलं की ओनोफ्रेनं रचलेली गंमत,
मला अजून माहीत नाही.

मी शिकवणारी. चर्चमागं माझं दुकान, एकोणीस वर्षांचं,
दोन खुर्च्या, एक मोडकी.
गावात डोकी किती, मला तोंडपाठ.
म्हणजे मी माझीच गिऱ्हाइकं वाटून टाकत होते
तासाच्या दरानं, रीतसर पावती देऊन.

सुरुवात फुग्यांवर.
साबण लावायचा, वस्तरा फिरवायचा, फुगा फुटता कामा नये.
फुटायचेच.
आणि दर आवाजासरशी चौदाही माणसं
एकदम खाली वाकायची, हात डोक्यावर.
मग हसायची.
दुसऱ्या आठवड्यात हसणं थांबलं, वाकणं नाही.
बिनपाण्यानं करायची तर सरकारकडं शिकायला हवं, ओनोफ्रे म्हणाला,
त्यांचा हात बसलाय.

नखांतला काळा निघेना. लिंबू झालं, मीठ झालं, पेट्रोल झालं.
कोळसा उगाळावा तितका काळाच,
हे ज्यानं म्हटलं त्यानं पांढरे टॉवेल धुतले नसावेत.
शेवटी मी काळे टॉवेल आणले, पदरच्या पैशानं.
ते अहवालात नाही.

बाउदिलिओचं एक होतं.
समोर डोकं आलं की कात्री उचलायच्या आधी
बोटाच्या पेरानं टाळूवर दोनदा वाजवायचा,
कान खाली नेऊन ऐकायचा.
मी ओरडले, हे काय चाललंय?
तो ओशाळला. म्हणाला, खाली छप्पर असंच बघतात.
भरीव वाजलं तर कामाला लागायचं.
पोकळ वाजलं तर
आणि पुढं बोललाच नाही.
तीस वर्षं डोक्यावर समुद्र घेऊन वावरलेला माणूस,
एका पोराची झुलपं कापताना घामानं भिजला होता.

परीक्षेत अकरा पास.
त्या संध्याकाळी रेडिओवर वाद रंगला होता,
देशाच्या वाढीचा वेग साडेपाच की सहा.
गावात केस वाढायचा वेग तोच,
महिन्याला अर्धा इंच.
अकरा न्हावी, बारावी मी.

ओनोफ्रे कॉन्सेप्सिऑनला गेला, बसस्टँडजवळ टपरी टाकली.
तिघांनी कात्र्या विकल्या. एकानं बायकोला दिली, ती तिनं मासे कापते.
आणि रोसामेल उल्योआ, ज्याच्याबद्दल मला काडीची आशा नव्हती,
त्याला वेण्या आवडल्या.
नुसत्या आवडल्या नाहीत, लागल्या. चार पेडी, पाच पेडी,
मासळीच्या काट्यासारखी, दोरासारखी.
लग्नाच्या पोरी आता रांग लावतात त्याच्याकडं.
माझे केससुद्धा तोच कापतो. पैसे घेतो, पूर्ण.

वर्षानं फॉर्म आला. एकच प्रश्न :
प्रशिक्षणानंतर रोजगार मिळाला काय? हो. नाही.
बाउदिलिओ तो घेऊन दुकानात आला.
दर मंगळवारी तो इस्पितळात जातो, छातीच्या वॉर्डात.
तिथं त्याच्याच पाळीतले लोक, बसल्याबसल्या झोपणारे,
आडवं झालं की श्वास अडतो म्हणून.
त्यांचे केस कापतो. दाढी करतो, खोकल्या-खोकल्यांच्या मधल्या वेळात.
पैशाचं नाव नाही.
बाकीचे दिवस जेट्टीवर बर्फ वाहतो.

कुठल्या चौकटीत खूण करू, बाई?

मी पेन पुढं केलं.
त्यानं घेतलं नाही.
फॉर्म मोडक्या खुर्चीवर सपाट पसरला,
बोटाच्या पेरानं दोनदा वाजवला,
आणि कान खाली नेला.